काकांचा डोंगा आणि मुंबईचे अर्देशीर

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांनी त्या गुपचूप दुरुस्त कराव्यात आणि वाचकांनी मोठ्या मनाने माफ कराव्यात. सेमिस्टरचे सबमिशन, जर्नल आणि मेसची पातळ डाळ यातून वेळ काढून मी हा लेख लिहितोय, कारण एका माणसाचं माझ्यावर कर्ज आहे. तो माणूस १८७७ मध्येच वारला, पण मागच्या उन्हाळ्यात त्याने माझी आमच्या घरातली इज्जत वाचवली.

माझं गाव करडी, जिल्हा भंडारा. आमची जात ढिवर. बाबा नोकरीमुळे गाव सोडून आले, पण काका अजूनही गावीच असतात. वैनगंगेत जाळी टाकतात. त्यांचा एक लाकडी डोंगा आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा. सागाच्या फळ्यांचा, काळाकुट्ट, डांबराचा वास येणारा. गेल्या काही वर्षांत काकांचे खांदे दुखायला लागले. भरल्या नदीत धारेच्या उलट वल्हं मारणं त्यांना होत नाही. काकू म्हणत होती की डोंगा विकून टाका. तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं की मी मेकॅनिकलला आहे, याला इंजिन लावून देतो. काका काही बोलले नाहीत. फक्त डोंग्याकडे पाहत राहिले.

दिवाळीच्या सुटीत मी कामाला लागलो. शेतातल्या पंपाचं जुनं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन मिळालं. डोंगा आठ दिवस काठावर ओढून ठेवला, मागच्या दोन आडव्या बत्त्यांना इंजिन नटबोल्टने घट्ट आवळलं, लांब शाफ्टला पंखा लावून तो मागच्या बाजूने तिरपा पाण्यात सोडला. म्हणजे बुडाला भोकसुद्धा पाडायची गरज नाही! मला वाटलं, झालं. काका दोनदा म्हणाले की डोंगा आधी दोन दिवस पाण्यात पडू दे, मग इंजिन चालव. मला ती उगीच अंधश्रद्धा वाटली. माझी सुटी संपत होती.

इंजिन सुरू झालं तेव्हा काठावरची पोरं ओरडली. पन्नास-साठ फूट गेलो असेन. डोंग्याचं तोंड वर आणि ढुंगण खाली. सगळा डोंगा जुन्या लुनासारखा थरथरायला लागला आणि माझ्या पायाजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. काकांनी बांबू टेकवून डोंगा कसाबसा काठाला लावला. ते मला रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी नुसता हात फिरवून कुठली फळी सुटली ते पाहिलं, आणि घरी येऊन काकूला सांगितलं की गिऱ्हाईक पाहा.

होस्टेलला परत आलो ते हे डोक्यात घेऊनच. लायब्ररीत बोटीत इंजिन कसं बसवतात ते शोधत होतो. तेव्हा आमच्या एका सरांनी विचारलं की, मुंबईत हे काम पहिल्यांदा कुणी केलं माहीत आहे का? मला अर्थातच माहीत नव्हतं. जेम्स वॉट माहीत होता, स्टीफन्सन माहीत होता. अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्यापैकी बहुतेकांनीही ते आताच ऐकलं असेल. म्हणून त्यांची गोष्ट सांगतो.

अर्देशीर समजायचे असतील तर आधी त्यांचं घराणं समजलं पाहिजे. वाडिया हे पारशी घराणं मूळ सुरतचं. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा सुतार. १७३६ मध्ये लवजी नुसेरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने सुरतहून मुंबईला आणलं. मुंबई तेव्हा छोटं गाव होतं, पण बंदर उत्तम. १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी बांधली गेली. कोरडी गोदी म्हणजे दगडी बांधकामाचा मोठा हौदच समजा. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे आणि पाणी काढून टाकायचं. जहाज खाली टेकूंवर उभं राहतं आणि त्याचं बूड उघडं पडतं, मग खुशाल दुरुस्ती करा. नवीन जहाज बांधायला अशी गोदी असलीच पाहिजे असं नाही, ते उतारावरही बांधता येतं. गोदीची खरी गरज जुन्या जहाजांना असते. म्हणजे मुंबईचं नाव मोठं झालं त्यात बांधणीइतकाच डागडुजीचा वाटा आहे. हे वाचलं तेव्हा मला काका दरवर्षी उन्हाळ्यात डोंगा काठावर उलटा घालतात ते आठवलं. त्यांची गोदी म्हणजे वैनगंगेची रेती.

लाकडी जहाजाचे शत्रू तीन. पहिला म्हणजे समुद्रातली कीड. ती पाण्याखालच्या लाकडात शिरून आतून जाळी करते. त्यासाठी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत. दुसरा शत्रू म्हणजे फळ्यांचे सांधे. त्यांत सुताचे किंवा तागाचे धागे ठोकून भरत आणि वरून डांबर ओतत. जहाज हलतं, सांधे ढिले होतात, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. तिसरा शत्रू गंज. इंग्लंडात जहाजं ओकच्या लाकडाची. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. आपल्या सागात तेल असतं, ते खिळ्यांना जपतं. त्यामुळे मुंबईची सागवानी जहाजं जास्त टिकत. याचा पुरावा आजही पाण्यावर उभा आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे युद्धजहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. पुढे ते इंग्लंडमध्ये प्रशिक्षणासाठी वापरलं गेलं, मधल्या काळात त्याचं नावही बदललं, आणि १९९० पासून दहा-अकरा वर्षं खपून हार्टलपूल येथे त्याची दुरुस्ती करण्यात आली. आज दोनशे वर्षांनंतरही ते तिथे पाहता येतं. आमच्या होस्टेलचा नवीन जिना तीन वर्षांत तडकला, ते जाऊ द्या.

तर अशा घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. ट्रिंकोमाली पाण्यात उतरलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतच होते. १८२२ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत कामाला लागले. आपण चौदाव्या वर्षी आठवी-नववीत असतो आणि वहीच्या मागे क्रिकेटच्या टीम लिहितो. त्यांच्यापुढे मात्र सगळं ठरलेलं होतं. लाकूड पारखायचं, फळी तासायची, जहाजाचा सांगाडा उभारायचा, आणि वय झालं की जागा पुढच्या पिढीला द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं.

पण त्यांच्या तरुणपणातच जग बदलायला लागलं. १८२९ मध्ये त्याच गोदीत ह्यू लिंडसे नावाचं वाफेवर चालणारं जहाज तयार झालं. १८३० मध्ये ते मुंबईहून सुएझला गेलं. वाऱ्याची वाट पाहावी लागली नाही, मात्र कोळसा इतका लागायचा की ठेवायला जागा पुरेना. तरीसुद्धा महिनाभरात ते पोचलं. जहाजाचं लाकूड मुंबईचं होतं, बांधणारे हात वाडियांचे होते, पण इंजिन इंग्लंडहून आलेलं. म्हणजे धड आपलं आणि काळीज दुसऱ्याचं. इंजिन बिघडलं की तो साहेबच पाहिजे.

अर्देशीर यांना नेमकं हेच खटकलं असावं असं मला वाटतं. त्यांनी वाफेच्या यंत्राचा ध्यास घेतला. त्या काळी मुंबईत कुठलं इंजिनिअरिंग कॉलेज? प्रॅक्टिकल नाही, वर्कशॉप नाही, वायव्हा घ्यायला सर नाहीत. त्यांनी पुस्तकांवरून आणि स्वतःच्या हातांनी सुरुवात केली. एक हॉर्सपॉवरचं छोटं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे आज काही नाही, घरोघरी पाण्याची मोटर तेवढी असते. पण सिलिंडरमध्ये पिस्टन असा बसला पाहिजे की तो सरकेल पण वाफ निसटणार नाही. लेथवर साधा जॉब टॉलरन्समध्ये आणताना आमची काय हालत होते ते आठवा. मग ज्या शहरात इंजिनाचा कारागीर शोधून सापडत नाही, तिथे हे काम किती मोठं असेल याचा अंदाज येईल. त्यांनी घरीच छोटी फौंड्री घातली आणि स्वतःच्या खर्चाने प्रयोग चालू ठेवले.

१८३३ मध्ये, पंचवीस वर्षांचे असताना, त्यांनी साठ टनांचं इंडस हे छोटं जहाज बांधून पाण्यात सोडलं. त्यात दहा हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. ते इंजिन इंग्लंडहून मागवलेलं होतं, पण जहाजात बसवून चालतं केलं ते अर्देशीर यांनी. मी डोंग्यात तोंडघशी पडल्यामुळे या एका वाक्याची किंमत मला कळते. इंजिन विकत घेणं सोपं आहे, पण लाकडात बसवणं अवघड. लाकूड जिवंत असल्यासारखं वागतं. ते पाण्यात फुगतं आणि उन्हात आकसतं. इंजिन असतं लोखंडाचं. ते एकाच जागी सगळं वजन देतं आणि थरथरतं. या दोघांचं लग्न लावायचं तर मधला माणूस दोन्ही घरचा पाहिजे. सुतार पण पाहिजे आणि फिटर पण. अर्देशीर असे दोन्ही घरचे होते. पुढे इंडस कंपनीच्या आरमारात दाखल झालं.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली. मुंबईत तोपर्यंत असं कुणी पाहिलं नव्हतं. रात्री तेलाच्या पणत्या लावणाऱ्या शहरात एका नळीतून हवा येते आणि ती जळते, हे लोकांना जादूसारखंच वाटलं असणार. खुद्द गव्हर्नर ते पाहायला आले. शहरभर गॅसचे दिवे यायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी यंत्र आणि रसायन या विषयांचे धडेही दिले. म्हणजे जे स्वतः धडपडून शिकले ते दुसऱ्यांनाही शिकवलं. आमच्या होस्टेलवर सॉल्व्ह केलेले पेपर लपवून ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. मुंबईहून आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून वाळवंट ओलांडून इजिप्तच्या दुसऱ्या किनाऱ्याला, आणि पुन्हा आगबोट, असा तो प्रवास. त्यांच्याच घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकायला आधीच तिथे पोचले होते. अर्देशीर मात्र मुख्यतः इंजिन शिकायला गेले होते. त्यांनी कारखाने पाहिले, गोद्या पाहिल्या, मोठमोठ्या इंजिनिअरांना भेटले. तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सशी त्यांचा संबंध आला. १८४० मध्ये त्यांची प्रवासाची रोजनिशी लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. एक परका, पारशी पगडी घातलेला माणूस, एकेका भट्टीसमोर उभा राहून काय चाललंय ते विचारतोय, हे चित्र मला फार आवडतं. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो तेव्हा नाश्ता कधी येतो इकडे निम्मं लक्ष असतं.

१८४१ हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीत मुख्य अभियंता आणि यंत्र-निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखाली युरोपियन फोरमन होते, युरोपियन फिटर होते, बॉयलर बनवणारे होते. हिंदी माणूस वर आणि गोरा माणूस खाली, हे त्या काळात कुणी ऐकलंही नव्हतं. मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने यावर टीकेची झोड उठवली. कितीही हुशार असला तरी हिंदी माणूस इंग्रजांवर साहेब म्हणून चालणार नाही, असा त्या टीकेचा सूर होता. अर्देशीर यांनी भांडत न बसता काम केलं. त्या जागेवर त्यांनी पुढे पंधराहून जास्त वर्षं काढली, यापेक्षा वेगळं उत्तर देण्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्या सोसायटीचा न्यूटन अध्यक्ष होता तीच ही सोसायटी. दुसरा भारतीय त्यानंतर तब्बल ७७ वर्षांनी, १९१८ मध्ये निवडला गेला. तो म्हणजे श्रीनिवास रामानुजन. क्विझमध्ये सगळे रामानुजन सांगतात. पुढच्या वेळी बझर आधी तुम्ही दाबा.

स्टीम फॅक्टरीतलं काम म्हणजे नेमकं काय, तर मुख्यतः दुरुस्ती. त्या वेळच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी वापरत. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. बॉयलरच्या आत मिठाचा थर साचत जातो. आपण हीट ट्रान्स्फरमध्ये शिकतो तसं, थर साचला की उष्णता पाण्यात जात नाही आणि पत्रा तापून कमजोर होतो. म्हणून खारट झालेलं पाणी मधून मधून बाहेर सोडावं लागे, थर खरवडावा लागे, पत्रे बदलावे लागत. पुन्हा या आगबोटी लाकडी, शिडं असलेल्या. म्हणजे जुनं दुखणं होतंच, त्यात नवीन दुखण्याची भर. सांध्यांत धागे भरा, तांब्याचे पत्रे पाहा, आणि बॉयलरसुद्धा सांभाळा. शोध लावणाऱ्याचं नाव पुस्तकात येतं. जहाज पुढच्या महिन्यात पुन्हा निघालं पाहिजे म्हणून रात्री बॉयलर खरवडून घेणाऱ्याचं येत नाही.

पण ते नुसते दुरुस्तीवर थांबले नाहीत. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि लाकूड कापायची यंत्रं मुंबईसाठी घेऊन आले. विचार करा, ज्यांच्या घराण्यात शंभर वर्षांहून जास्त काळ हाताने लाकूड कापलं गेलं, त्याच घरातला माणूस लाकूड कापायचं यंत्र आणतो. १८५१ मध्ये त्यांनी लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात उतरवली. तिच्या इंजिनाचे भाग त्यांच्या स्वतःच्या फौंड्रीत तयार झालेले होते. १८३३ ला इंजिन बाहेरून आणलं होतं. अठरा वर्षांनी इंजिनसुद्धा घरचं झालं. आणि तिला नाव दिलं ते सुरतहून आलेल्या त्या जुन्या सुताराच्या कुटुंबाचं. मला वाटतं, या नावातच सगळं आलं. जुन्याला सोडून ते पुढे गेले नाहीत, जुन्याला सोबत घेऊन गेले. शिवणयंत्र, फोटोग्राफी, इलेक्ट्रोप्लेटिंग या गोष्टींची ओळखही मुंबईला करून देण्यात त्यांचा हात होता.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. त्यांचा संसार मुंबईत होता, तसाच एका इंग्रज स्त्रीसोबत दुसरा संसारही होता, आणि त्या घरचीही मुलं होती. त्या काळात दोन्हीकडे यावरून काय काय बोललं गेलं असेल, ते सांगायला नको. १८६१ मध्ये ते पुन्हा कामासाठी इकडे आले. सिंध प्रांतात कोटरी येथे सिंधू नदीवर आगबोटी चालवणारी कंपनी होती, तिथे त्यांनी १८६३ पर्यंत मुख्य इंजिनिअरचं काम पाहिलं. समुद्रापासून सुरू झालेला माणूस शेवटी नदीवर आला, हे मला उगीचच आपलं वाटून गेलं. नंतर ते लंडनजवळ रिचमंडला राहिले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच वारले. मुंबईच्या गोदीपासून हजारो मैल दूर. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं. त्यानंतर आपण सगळे त्यांना व्यवस्थित विसरलो.

का विसरलो, याचा मी बराच विचार केला. एक कारण म्हणजे त्यांच्या नावावर कुठला शोध नाही. अर्देशीर सूत्र नाही, वाडिया सायकल नाही, परीक्षेत सहा मार्कांना येईल असं काही नाही. आणि दुसरं म्हणजे ज्या लाकडी जहाजांत त्यांनी इंजिन बसवलं ती जहाजंच गेली. लोखंडी जहाजं आली आणि लाकडाच्या कारागिरीचा तो काळ संपला. काही जण म्हणतील की मग त्यांनी केलं ते वाया गेलं. मला तसं वाटत नाही. बदल येणारच होता. प्रश्न एवढाच होता की आपल्या गोदीत तो बदल दुसऱ्याच्या हाताने होणार की आपल्या. अर्देशीर यांनी तो स्वतःच्या हाताने केला. आणि करू शकले, कारण त्यांना आधी लाकूड येत होतं. हे शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबलो. कारण मला लाकूड येत नव्हतं. मी सरळ इंजिन घेऊन गेलो होतो.

उन्हाळ्याच्या सुटीत करडीला गेलो तेव्हा पहिले दहा दिवस मी इंजिनाला हातही लावला नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, पण सौदा व्हायचा होता. काकांना म्हटलं, मला आधी डोंगा शिकवा. त्यांनी काहून म्हणून विचारलं. मी म्हटलं, परीक्षा आहे. मग आम्ही डोंगा रेतीवर उलटा घातला. जुनं डांबर खरवडलं. कुठली फळी पोकळ आहे ते काका बोटाने ठोकून आवाजावरून सांगायचे. आपण ज्याला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतो ना, तेच! एक फळी बदलली. सांध्यांत चिंध्या आणि सूत ठोकून भरलं, वरून गरम डांबर लावलं. माझ्या हाताला फोड आले. काकू हसली, पण दही-भात जास्त वाढला.

मग मी कागद काढला आणि दिवाळीला काय चुकलं ते काकांना एकेक करून सांगितलं. इंजिन जड होतं आणि सगळं वजन मागे, म्हणून तोंड वर आलं. फक्त दोन बत्त्यांना आवळलं, म्हणून सगळा भार आणि थरथर तेवढ्याच फळ्यांवर आली. आणि आठ दिवस उन्हात ठेवून लाकूड आकसलं होतं. ते फुगून सांधे बसायच्या आधीच मी इंजिन चालवलं. हे तिसरं काकांनी मला आधीच सांगितलं होतं. त्याला मी अंधश्रद्धा म्हणालो होतो. तेही कबूल करून टाकलं.

या वेळी हलकं, तीन हॉर्सपॉवरचं रॉकेलचं इंजिन घेतलं. डोंग्याच्या लांबीच्या दिशेने सागाचे दोन लांब दांडे टाकले, ते पाच बत्त्यांवर बसवले. म्हणजे भार वाटला गेला. इंजिन थोडं पुढे सरकवलं, त्याच्याखाली ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. दांडे कुठे बसवायचे ते मी नाही, काकांनी ठरवलं. मी फक्त का ते सांगितलं. डोंगा पाण्यात सोडला आणि तीन दिवस तसाच बांधून ठेवला. पहिल्या दिवशी आत वीतभर पाणी आलं. काकांनी ते उपसलं आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडं आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर तळाला फक्त ओल होती.

इंजिन काकांनी सुरू केलं. आम्ही धारेच्या उलट गेलो, पलीकडच्या काठाला लागलो आणि परत आलो. मी सगळा वेळ सांध्यांकडे पाहत होतो. काका नदीकडे पाहत होते. परतताना धारेच्या बाजूने त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. रॉकेल कशाला जाळायचं, नदी नेतेच आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं. जुन्या आगबोटींवरसुद्धा वारा असला की कोळसा वाचवायला शिडं उघडत असत.

गिऱ्हाइकाला काकांनी नाही म्हणून कळवलं. काकूला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिने त्यानंतर डोंग्याचा विषय काढला नाही.

शेवटी एवढंच सांगावंसं वाटतं. आपल्यापैकी बरेच जण सुतार, लोहार, विणकर, कास्तकार, ढिवर अशा घरांतून इथे आलो आहोत. घरचं काम मागे सोडायचं म्हणूनच आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये घातलं गेलं, इंजिनिअरिंगला पाठवलं गेलं. त्यात आई-बाबांची काही चूक नाही. पण सुटीत घरी जाल तेव्हा तुमच्या घरच्या जुन्या माणसाला एकदा विचारून पाहा की हे कसं करतात. ऐकताना आपली डिग्री खिशात ठेवा, कामाला लागल्यावर बाहेर काढा. अर्देशीर यांना दोन्ही एकाच घरात मिळालं. आपल्याला त्यासाठी एस.टी. पकडावी लागते, एवढाच फरक.